त्या एका प्रश्नाचं उत्तर मी देणार नाही

ताई, नमस्कार. मी कराडला राहतो आणि पाटणच्या बाजूला एका ज्युनियर कॉलेजात गणित शिकवतो. वय ४१. सहा वर्षांपूर्वी, उसाच्या हंगामात, संध्याकाळी घरी येताना माझ्या गाडीचं चाक कशावर तरी आदळलं. उतरून पाहिलं, खड्डा होता. घरी पोचलो आणि वाटलं, नीट पाहिलं का? परत गेलो. तेव्हापासून रोज हेच. खड्डा लागला, गतिरोधक आला, की मागे फिरायचं. घरी आल्यावर टॉर्च घेऊन बंपर बघायचा. सकाळी पेपरात अपघाताच्या बातम्या शोधायच्या. बायकोला विचारायचं, 'कोणी गाडीखाली आलं नसेल ना?' गेल्या डिसेंबरात लेकीच्या गॅदरिंगला निघालो आणि रस्त्यात तीनदा मागे फिरलो. पोचलो तेव्हा तिचा नाच संपला होता.

डॉक्टरांनी ओसीडी सांगितलं, म्हणजे तेच ते विचार यायचे आणि तीच ती कृती पुन्हा पुन्हा करावी लागायची, असा आजार. गोळ्या चालू आहेत, थोडा फरक आहे. एका समुपदेशकांकडे वर्षभर गेलो. त्यांनी दीर्घ श्वसन शिकवलं आणि मनगटात रबरबँड घालायला सांगितलं, विचार आला की ओढायचा. आता कोणी ईआरपी म्हणतं, कोणी अ‍ॅक्ट, कोणी म्हणतं लहानपणातलं मूळ शोधा. आठ महिने वाचतोय, ठरत नाही. चुकीची थेरपी निवडली तर? यातली नक्की बरोबर कोणती? आणि ताई, तुम्हीच सांगा, त्या संध्याकाळी कोणी गाडीखाली आलं नसेल ना? माझ्यामुळे घरच्यांची सहा वर्षं गेली. मी स्वतःला कसं माफ करू?

— एक वाचक, कराड

सर, नमस्कार.

तुम्ही शिकवता, म्हणून सर म्हणते. तुमचं पत्र फुलस्केपच्या सहा पानांचं आहे, वर त्यातला थोडाच भाग छापला आहे. शेवटच्या पानावर एक ओळ तुम्ही खोडली आहे, पण ती वाचता येते. सगळ्यात आधी तिच्याबद्दल बोलते. सुटका व्हावी, मग ती कशीही होवो, असं वाटण्याइतका थकवा आला असेल, तर आज रात्री ते बायकोला सांगा आणि या आठवड्यातच तुमच्या डॉक्टरांना स्पष्ट शब्दांत सांगा. रात्री-अपरात्री तो विचार जड झाला तर १४४१६ ला फोन करा. ही सरकारची टेली-मानस सेवा, २०२२ पासून सुरू आहे. चोवीस तास चालते, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. ती ओळ वाचून तुमच्याबद्दलचं माझं मत तसूभरही बदललेलं नाही. खोडली नसतीत तरी चाललं असतं.

आता गाडीचा प्रश्न. त्या संध्याकाळी कोणी चाकाखाली आलं नसेल ना? याचं उत्तर मी देणार नाही. 'हो' असंही नाही आणि 'नाही' असंही नाही. हे वाचून पोटात गोळा येईल, ते मला कळतं, आणि तरी देणार नाही. तुम्हीच लिहिलंय की बायको 'नाही हो, काही झालेलं नाही' म्हणाली की दहा मिनिटं बरं वाटतं, मग मनात येतं, ती तिथे कुठे होती? माझं उत्तर छापून आलेलं, म्हणून कदाचित पंधरा मिनिटं पुरेल. सोळाव्या मिनिटाला तुम्ही म्हणाल, ताईंना मी सगळं नीट सांगितलं होतं का? नायटा खाजवला की तेवढ्यापुरतं बरं वाटतं आणि नायटा पसरतो. सहा वर्षं तुम्ही आणि तुमच्या घरच्यांनी, प्रेमापोटीच, हा नायटा खाजवला आहे. त्यात माझा हात नको.

आणि तुमचा पहिला प्रश्न पाहा. 'यातली नक्की बरोबर थेरपी कोणती?' सर, हा तोच प्रश्न आहे. रस्त्यावर तुम्ही मागे फिरून खड्डा बघता, इथे आठ महिने लेख, व्हिडिओ आणि लोकांचे अनुभव पुन्हा पुन्हा बघताय. तिथेही 'अजून एकदा बघतो म्हणजे खात्री होईल', इथेही तेच. तुमच्या पत्रात चार उपचारपद्धतींच्या फायद्या-तोट्यांचा तक्ता आहे, दीड पानाचा, आखीव. तो वाचताना मला वाईट वाटलं, कारण इतक्या कष्टाने केलेलं ते काम आजाराने तुमच्याकडून करून घेतलं आहे.

एकोणिसाव्या शतकातल्या फ्रेंच डॉक्टरांनी याला 'संशयाचं वेड' असं नाव दिलं होतं. आपल्याकडचा जुना शब्द मंत्रचळ. पण आपल्याकडे बरेचदा त्याला आजार म्हणायची वेळच येत नसे. माझी आत्या दिवसातून वीस-वीस वेळा हात धुवायची, मग नळाची तोटी धुवायची. वाळत घातलेलं लुगडं कावळ्याने शिवलं असेल म्हणून पुन्हा पिळायची. घरात सगळे कौतुकाने म्हणायचे, तिचं सोवळं फार कडक. तिच्या हातांची सालं निघायची, तिकडे कोणी बघितलं नाही. ती गेली तेव्हा मी कॉलेजात होते. तिला आजार होता हे मला त्यानंतर काही वर्षांनी, मानसशास्त्राच्या वर्गात बसल्या बसल्या कळलं. त्या दिवशी मी पुढचं काही लिहून घेऊ शकले नाही. तुम्हाला नाव कळलंय, उपचार कळलेत, डॉक्टर भेटलेत. म्हणून तुमच्या त्या आठ महिन्यांची मला घाई वाटते.

तेव्हा आडवळणं न घेता सांगते. ईआरपी निवडा.

ईआरपी म्हणजे एक्स्पोजर अँड रिस्पॉन्स प्रिव्हेन्शन. ज्याची भीती वाटते त्याला ठरवून सामोरं जायचं, आणि भीती शमवायला आपण जे करतो ते करायचं नाही. लंडनच्या मिडलसेक्स हॉस्पिटलमधल्या व्हिक्टर मायर यांनी १९६६ मध्ये दोन रुग्णांवरचा असा उपचार प्रसिद्ध केला. त्या काळी हा आजार जवळजवळ असाध्य समजत. मायर यांनी रुग्णांना भीतीच्या गोष्टींजवळ नेलं आणि परिचारिकांच्या सततच्या देखरेखीखाली त्यांची कर्मकांडं थांबवली, आणि फरक पडला. तेव्हापासून आजवर ओसीडीच्या मानसोपचारांत सगळ्यात जास्त अभ्यास याच पद्धतीचा झाला आहे. ब्रिटनच्या २००५ च्या मार्गदर्शक सूचनांत ती आहे, आपल्याकडच्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेच्या सूचनांतही आहे.

तुमच्या बाबतीत हे कसं दिसेल? थेरपिस्ट तुमच्यासोबत बसून सोप्यापासून अवघडापर्यंत पायऱ्या लावेल. पहिली पायरी कदाचित अशी: सकाळच्या उजेडात कॉलेजला जायचं आणि खड्डा लागला तरी मागे फिरायचं नाही. मग आरसा गाडी चालवायला लागतो तेवढाच बघायचा. मग टॉर्च कपाटात. मग पेपर वाचायचा, पण अपघात शोधायला नाही. वरच्या पायऱ्यांवर हंगामातली संध्याकाळ असेल: रस्त्याच्या कडेने चालणारी ऊसतोड कामगारांची कुटुंबं, मागे दिवा नसलेल्या बैलगाड्या, समोरून ट्रॅक्टर-ट्रॉलीचा डोळ्यांवर येणारा झोत, आणि तुम्ही सरळ घरी. हातपाय धुवायचे आणि बायकोला काहीही न विचारता पानावर बसायचं. कधीतरी ते तुम्हाला एक कागदही लिहायला लावतील: 'कदाचित त्या संध्याकाळी माझ्या गाडीची कोणाला धडक बसली असेल. मला ते कधीच नक्की कळणार नाही.' आणि तो रोज मोठ्याने वाचायला सांगतील.

वाचायला हे क्रूर वाटतं. करताना पहिले काही दिवस त्याहून कठीण जातं, ते मी लपवणार नाही. भीती चढते आणि तुम्ही काहीच करत नाही. ती कधी अर्ध्या तासात उतरते, कधी झोपेपर्यंत उशाशी बसते. पूर्वी समजत की ती उतरली तरच उपचार झाला. आता बरेच थेरपिस्ट उतरण्यामागे लागत नाहीत. भीती अंगात असताना तुम्ही जेवलात, लेकीचा गृहपाठ घेतलात, झोपलात, एवढं मनाला शिकायला मिळालं तरी पुष्कळ झालं असं ते मानतात. यात बेफिकिरी शिकवत नाहीत, एवढं एकदाच सांगते. कोणताही जबाबदार ड्रायव्हर जे करतो ते तुम्ही करायचं. त्याच्या वरचं जे आहे ते सोडायचं.

तुम्ही बारावीला संभाव्यता शिकवता. फळ्यावर शून्य तुम्ही फक्त अशक्य घटनेला देता. गाडी घेऊन रस्त्यावर उतरलेल्या कोणालाच ते शून्य मिळत नाही, मला नाही आणि तुमच्या कॉलेजच्या प्राचार्यांनाही नाही. तुमच्या बायकोला गॅस बंद केल्याची शंभर टक्के खात्री नसते. तिला तेवढी लागत नाही, म्हणून ती झोपते. तुमच्या वाट्याला आमच्यापेक्षा जास्त अनिश्चितता आलेली नाही, तुम्ही मागताय ती खात्री मात्र कोणालाच मिळत नाही. ती मागणी हळूहळू सोडणं यालाच उपचारात अनिश्चितता स्वीकारणं म्हणतात. 'झालंच असेल' असं मनाला पटवायचं नाही. 'झालं नसणार' असंही पटवायचं नाही. प्रश्न उघडा टाकून उद्याच्या तासाची तयारी करायची. फळ्यावर उदाहरण अर्धं सोडायला तुमचा जीव किती तुटत असेल याची मला कल्पना आहे, पण हे उदाहरण अर्धंच राहणार आहे.

रबरबँड आजच काढा. त्या समुपदेशकांचा हेतू वाईट नसेल, पण विचार दाबण्याची ही युक्ती ओसीडीत उलटते. १९८७ मध्ये अमेरिकेत डॅनियल वेग्नर यांनी विद्यार्थ्यांना पाच मिनिटं पांढऱ्या अस्वलाचा विचार करायचा नाही असं सांगितलं आणि आलाच तर घंटी वाजवायला सांगितली. घंट्या वाजत राहिल्या. नको ते विचार मनात येणं हा आजारही नाही. १९७८ मध्ये रॅकमन आणि डी सिल्वा या संशोधकांनी दाखवलं की ओसीडी नसलेल्या बहुतेक माणसांनाही तसेच विचार येतात, त्याच आशयाचे. त्यांना ते येतात आणि जातात. तुम्ही प्रत्येक विचाराला थांबवून त्याची झडती घेता. दीर्घ श्वसनाचं म्हणाल तर ते तब्येतीला चांगलंच, करत राहा. फक्त ओसीडीवरचा उपचार म्हणून त्यावर विसंबू नका. कित्येक अभ्यासांत अशा श्वसनासारखं शिथिलीकरण हे नुसतं तुलनेसाठी, म्हणजे खऱ्या उपचारासमोर ठेवायला वापरलं गेलं आहे. वर्षभर जाऊन फरक पडला नाही, तो तुमचा दोष नव्हता.

अ‍ॅक्ट म्हणजे अ‍ॅक्सेप्टन्स अँड कमिटमेंट थेरपी. तिचं आणि ईआरपीचं भांडण तुमच्या तक्त्यात आहे तेवढं प्रत्यक्षात नाही. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एका गटाला नुसती ईआरपी दिली, दुसऱ्याला अ‍ॅक्टच्या अंगाने ईआरपी. दोन्ही गट सुधारले, सारखेच. थेरपिस्ट अ‍ॅक्टची भाषा वापरत असेल आणि तुम्हाला रस्त्यावर उतरवत असेल, तर जा त्यांच्याकडे. लहानपणाबद्दल बोलावंसं वाटलं तर नंतर जरूर बोला, पण मूळ सापडेपर्यंत गाडी मागे फिरवत राहायची, असं होऊ देऊ नका. गोळ्या मात्र स्वतःच्या मनाने कमी-जास्त करू नका. ओसीडीत डोस बरेचदा नैराश्यापेक्षा जास्त लागतो आणि पूर्ण परिणाम दिसायला आठ ते बारा आठवडे जातात. 'थोडा फरक आहे' हे डॉक्टरांना सांगा, त्यांना त्यावरून पुढचं ठरवता येतं. गोळी आणि ईआरपी एकत्र चालतात.

थेरपिस्ट शोधताना फोनवर तीनच गोष्टी विचारा. तुम्ही ओसीडीसाठी ईआरपी करता का? सत्रात आणि घरी मला प्रत्यक्ष काय करावं लागेल? फी किती आणि अंदाजे किती सत्रं? क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असतील तर भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी असते, ती विचारायला संकोच नको. 'या, मन मोकळं करा, मग बघू' एवढंच उत्तर आलं तर आभार मानून पुढचा फोन लावा. साधारण १२ ते २० सत्रं धरून चाला. कराडजवळ कोणी नसेल तर ऑनलाइन करा. ईआरपी व्हिडिओवर चांगली होते आणि तुमचा रस्ता, तुमचं घर जिथल्या तिथे वापरता येतं. बेंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेत ओसीडीसाठी वेगळं क्लिनिक आहे. दुखणं फार जुनं किंवा हट्टी असेल तर तिथे जाता येतं, कराडहून हायवे सरळ तिथेच जातो.

चुकीची निवडली तर, असं विचारलंत. वाय-बॉक्स नावाची ० ते ४० गुणांची एक मोजपट्टी आहे, थेरपिस्ट ती सुरुवातीला आणि अधूनमधून भरून घेतात. अभ्यासांत साधारणपणे ३५ टक्के घट झाली की उपचार लागू पडला असं धरतात. मन लावून दोन-तीन महिने केलंत आणि आकडा हलला नाही, तर बोलून बदल करता येईल. कृपा करून ती मोजपट्टी इंटरनेटवर शोधून रोज रात्री भरू नका. तुम्ही गणिताचे आहात म्हणून मला ही भीती वाटते.

तुमच्या पत्नीला एका सत्राला बरोबर न्या. 'काही झालं नाही हो' हे वाक्य त्यांनी सहा वर्षांत किती वेळा म्हटलं असेल. ते थांबवायचं, पण एका दिवसात आणि रागाने नाही. दोघांनी आधी ठरवून घ्यायचं. तुम्ही विचारलंत की त्या म्हणतील, 'आपलं ठरलंय ना, याचं उत्तर मी देणार नाही. चला, चहा टाकते.' पत्रात एका ठिकाणी तुम्ही लिहिलंय की हल्ली लेकच दारात विचारते, 'बाबा, आज रस्ता नीट होता ना?' दहा वर्षांच्या मुलीच्या अंगावर आलेलं हे काम तिच्याकडून काढून घ्या. तिला सांगा, 'बाबाला संशयाचा आजार आहे, बाबा त्याचे उपचार घेतोय, तू विचारायची गरज नाही.' तिला एवढं पुरेल.

आणि माफी. इथे मला जरा थांबायचंय, कारण तुम्ही दोन गोष्टी एकाच गाठोड्यात बांधल्या आहेत.

एक ती संध्याकाळ. तिथे तुम्ही म्हणताय, आधी मी निर्दोष आहे हे सिद्ध होऊ दे, मग स्वतःला माफ करीन. सहा वर्षं तुम्हीच आरोपी, तुम्हीच साक्षीदार आणि तुम्हीच न्यायाधीश, आणि रोज नवी तारीख. या खटल्याचा निकाल लागणार नाही, सर. म्हणून त्या संध्याकाळीबद्दल स्वतःला माफ करायच्या भरीलाही पडू नका. माफ करायचं तर गुन्हा काय होता ते ठरवावं लागतं आणि खटला पुन्हा उभा राहतो. तो तसाच सोडून उठायचं.

दुसरी गोष्ट गॅदरिंगची. ती खरी घडली. लेक नाचली आणि तुम्ही तिथे नव्हता. इथे शंका नाही, म्हणून इथे माफी मागता येते. तिच्यासमोर बसून सांगा, 'मी तुझा नाच बघायला पोचलो नाही, तुला वाईट वाटलं असेल, मला माफ कर.' एकदाच. तिला रडू आलं तर येऊ द्या, लगेच समजूत घालू नका. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारू नका, 'रागावली नाहीस ना?' रोज माफी मागणं हे टॉर्चने बंपर बघण्यासारखंच आहे, फक्त टॉर्च लेकीच्या तोंडावर. पत्नीचीही अशीच एकदा मागा, आणि त्यांना काय हवंय ते विचारा. सहा वर्षांत त्यांना कोणी विचारलं नसेल.

स्वतःकडे कसं बघायचं, याबाबतीत मला अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांची एक कल्पना फार उपयोगी वाटत आली आहे. त्यांनी १९५५ च्या सुमारास मांडलेली विवेकनिष्ठ उपचारपद्धती महाराष्ट्रात पुष्कळांना माहीत आहे. ते म्हणत, कृतीला चांगलं-वाईट म्हणा, पण त्यावरून आख्ख्या माणसाला गुण देऊ नका. तुम्ही पेपर तपासता. उदाहरण चुकलं की तुम्ही त्या उदाहरणाचे गुण कापता. वर्गात उभं करून 'हा मुलगाच चुकीचा' असं तुम्ही म्हणत नसाल, निदान तुमच्या पत्राच्या सुरावरून मला तसं वाटत नाही. गॅदरिंग चुकलं, त्याचे गुण कापले, झालं. स्वीकार म्हणजे स्वतःला शाबासकी द्यायची असंही नाही. 'मला हा आजार आहे, माझ्या हातून हे राहून गेलं, आणि मी या घरातला माणूस आहे' ही तीन वाक्यं एकत्र धरून राहायचं. काही दिवस ती खोटी वाटतील. वाटू द्या.

उपचारात एखाद्या दिवशी तुम्ही गाडी मागे फिरवाल. बहुतेकांचं होतं. तेव्हा रस्त्याकडेला गाडी लावून स्वतःला शिव्या घालत बसू नका. गाडी वळवा, त्याच जागेवरून न थांबता, खाली न बघता पुन्हा जा आणि घरी या. थेरपिस्टला पुढच्या सत्रात सांगा, तेवढंच.

तो तक्ता फाडू नका, ठेवून द्या, फक्त त्यात आता भर नको. सोमवारी दुपारच्या सुट्टीत पहिला फोन करा. दोन ठिकाणी विचारा, तिसऱ्या ठिकाणी नाही, आणि त्या दोघांतले जे आधी वेळ देतील त्यांची वेळ घ्या. हात थरथरत असले तरी घ्या.

मला पुन्हा जरूर लिहा. त्या संध्याकाळीबद्दल लिहिलंत तर मी तेवढा परिच्छेद सोडून पुढचं वाचेन. या डिसेंबरात गॅदरिंग असेलच. लेक कोणत्या गाण्यावर नाचली आणि तुम्ही कितव्या रांगेत बसला होतात, ते मला वाचायचं आहे.

— तुमची ताई